बाटल्या परत केल्या, त्याविषयी

यंदा आठ मार्चची तयारी चालू असताना कल्याण पूर्वेतल्या आमच्या गटाकडे तीनशे बाटल्या येऊन पडल्या. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने ओळखीतून पाठवलेल्या. गुलाबी झाकण, आत सुवासिक द्रव, आणि वर छापलेले की बायकांच्या 'नाजूक जागेच्या' स्वच्छतेसाठी रोज वापरा. सगळे फुकट. कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात एक द्यायची आणि मंडपात एक लहानसा फलक लावायचा, एवढीच अट.

मी विरोध केला. बैठकीत दोन तास वाद झाला आणि सातविरुद्ध पाच मतांनी बाटल्या परत गेल्या. त्या पाचांपैकी एक जण माझ्याशी अजून नीट बोलत नाही. ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते. त्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, तुमच्या घरी नळ केव्हाही सोडा. आमच्याकडे पाणी येतं रात्री दोनला. बारा तास उभं राहून घामानं अंग आंबतं, वर हे पांढरं जातं ते वेगळंच. वास येतो म्हणून नवरा तोंड फिरवतो. आणि तुम्ही फुकट मिळणारी बाटली परत पाठवता!"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. 'बाजारू सौंदर्यकल्पना', 'कंपन्यांचा नफा' असले आपले नेहमीचे शब्द तोंडात आले, आणि तिच्यासमोर ते किती पोकळ वाटतात हे तिथल्या तिथे कळले. हा लेख म्हणजे तिला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर. तिच्याखेरीज इतर गटांतल्या मैत्रिणींसाठीही तो लिहिते आहे, कारण अशा बाटल्या एकट्या कल्याणातच येतात असे नव्हे.

माझी आई याला धुपणी म्हणायची. डॉक्टर श्वेतप्रदर लिहितात, वस्तीत 'अंगावरून जातं' म्हणतात. आईची पक्की समजूत होती की हाडे झिजतात आणि त्यांचे पाणी होऊन वाहते, म्हणून बाई वाळत जाते. १९८७ साली, दुसऱ्या बाळंतपणानंतर, मला त्रास सुरू झाला. तेव्हा आम्ही डोंबिवलीत एका खोलीत राहत होतो, सासूसासऱ्यांसह सहा माणसे. बोलायची सोय नव्हती. एका डॉक्टरांनी पडद्याआडही न नेता, खुर्चीत बसल्या बसल्या गोळ्या लिहून दिल्या. त्या संपल्या, त्रास उरला. मग शेजारणीच्या सांगण्यावरून मी जंतुनाशकाचे पाणी करून आतून धुवायला लागले. रोज, सकाळ-संध्याकाळ. आग व्हायची, पण आग होते म्हणजे जंतू मरताहेत असे मला वाटे! तीन वर्षे हे केले. दर महिन्याला त्रास वाढत गेला, आणि तो वाढतो म्हणून मी आणखी धुवत गेले.

१९९१ च्या एका आरोग्य शिबिरात पहिल्यांदा हातात स्पेक्युलम, आरसा आणि टॉर्च मिळाला. आम्ही नऊ जणी होतो. सुरुवातीला हसू, मग रडू, मग एकदम शांतता. गर्भाशयाचे तोंड गुलाबी, गोल, मध्ये एक टिंब असे असते हे दोन बाळंतपणे झालेल्या बाईला तेव्हा कळले. शिबीर घेणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीने मला विचारले, "आत काय घालतेस?" मी सांगितले. ती म्हणाली, "आधी ते बंद कर. तू तुझेच पहारेकरी मारते आहेस."

हे पहारेकरी कोण, ते नीट सांगायला हवे. आपल्या पुस्तिकांत आपण योनिमार्गाचे चित्र काढतो, नावे लिहितो आणि पुढे जातो. तिथे दिवसरात्र काय काम चालते ते लिहीत नाही.

घरात दुधाला विरजण लावतो तेव्हा काय होते? विरजणातले जीव दुधातली साखर खातात, दूध आंबट होते, आणि त्या आंबटपणात दूध नासवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. योनिमार्गात त्याच कुळातले जीव राहतात. त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. १८९२ साली डॉडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट वर्णन करून दाखवले. योनिमार्गाचे अस्तर अनेक थरांचे असते. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनमुळे त्या थरांत ग्लायकोजेन नावाची पिष्टासारखी साखर साठते, तिच्यावर हे जीव पोसतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता मोजायच्या पट्टीवर साध्या पाण्याचा आकडा ७ च्या आसपास येतो. योनिमार्गात तो साधारण ३.८ ते ४.५ असतो. म्हणजे जवळपास ताकाइतके आंबट. त्या आंबटाचा सौम्य वास येणारच. तो रोगाचा वास नव्हे. (आणि कोणी लगेच दही आत लावायला सांगेल तर ऐकू नका. दह्यातले जीव आणि हे जीव एका कुळातले असले तरी वेगळे आहेत. शिवाय काही निरोगी बायकांत लॅक्टोबॅसिलस फारसे नसतात, तरी त्या ठणठणीत असतात. शरीर काही एका साच्यातले नाही.)

हा झाला पहिला पहारा. दुसरा खुद्द अस्तराच्या पेशींचा. या पेशी नुसत्या भिंतीच्या विटा नाहीत. त्यांच्यावर काही रेणू असतात, ते 'हा आपला नव्हे' हे जंतूच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखतात. शास्त्रात त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत या विषयावर काम झालेले आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्यापासून लोकलच्या एका प्रवासाइतक्या अंतरावर आहे, पण आपल्या वस्तीपर्यंत ते उतरत नाही. खूण पटली की पेशी निरोप धाडतात आणि जंतूंना भोके पाडणारी लहान लहान प्रथिने सोडतात. त्यांना डिफेन्सिन म्हणतात. अश्रूंत असते तेच लायसोझाइम इथेही असते. निरोप मिळताच रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात.

तिसरा पहारा गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथे चिकट श्लेष्म्याचा बोळा असतो आणि त्यात प्रतिपिंडे असतात. नाकात आणि आतड्यात मुख्यतः एका जातीची, आयजीए, प्रतिपिंडे असतात. इथे रक्तातली आयजीजी जातीचीही भरपूर असतात. गर्भाशयाच्या तोंडाशी अनेक थरांचे कातडे संपून एका थराचे सुरू होते. हा सांधा नाजूक, म्हणून तिथे संरक्षक पेशींची गर्दी सर्वात जास्त. आणि नेमक्या त्याच सांध्यावर कॅन्सर सुरू होतो.

म्हणजे आपण ज्याला घाण म्हणून पुसतो, धुतो, लपवतो, त्यात काय असते? झडलेल्या जुन्या पेशी, त्यांना चिकटून बाहेर जाणारे जंतू, आम्ल, श्लेष्मा, प्रतिपिंडे. घर झाडून काढलेला केर उंबऱ्याबाहेर पडलेला दिसला तर घर घाण आहे असे आपण म्हणत नाही.

आता या संरक्षणाची अडचण अशी की त्याला एकाच वेळी दोन उलट कामे करायची असतात. परके ते हाकलायचे, हे एक. पण पुरुषाचे बीज हेही परकेच, आणि पोटात वाढणारे मूलही अर्धे परके. त्यांना हाकलले तर वंश चालणार नाही. म्हणून शरीर महिन्याच्या ठरावीक दिवसांत पहारा जरा सैल करते. पाळीच्या मधल्या काळात स्राव पातळ होतो, बोटांत धरून ताणला तर तार येते. बीज सुटल्यानंतर साधारण सात ते दहा दिवस संरक्षण मंदावलेले असते आणि तेव्हा एचआयव्हीसारख्या विषाणूला शिरायला वाव मिळू शकतो, असे अमेरिकेतल्या चार्ल्स वायरा आणि जॉन फाही यांनी २००८ साली मांडले. यात बाईचा दोष नाही, तिच्या 'अस्वच्छते'चा तर अजिबात नाही.

पाळी गेल्यावर गोष्ट पुन्हा बदलते. इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, ग्लायकोजेन कमी पडते, आंबटपणा जातो. मी आता त्या अवस्थेत आहे. कोरडेपणा, जळजळ, लघवीला पुन्हा पुन्हा जाणे, हे सगळे मला बावन्नाव्या वर्षी सुरू झाले आणि दोन डॉक्टरांनी 'वय झालं' एवढेच निदान केले. त्याला साधे औषध असते हे तिसऱ्या ठिकाणी कळले.

कधी कधी संरक्षणच घात करते, हेही सांगायला हवे. क्लॅमिडिया नावाचा जंतू बहुतेक बायकांत काहीच त्रास न देता राहतो. ना वास, ना खाज. तो गर्भनळ्यांपर्यंत चढतो आणि तिथे शरीर त्याच्याशी महिनोन्महिने झुंजत राहते. त्या झुंजीत नळीच्या नाजूक अस्तरावर व्रण पडतात, नळी चिकटते. जंतूपेक्षा झुंजीनेच नुकसान जास्त होते. मग मूल होत नाही, किंवा गर्भ नळीतच रुजून जीवावर बेतते. क्षयाचे जंतूही रक्तातून येऊन नळ्यांत बसतात. आपल्या देशात वांझपणाचा शिक्का बसलेल्या कितीतरी बायकांच्या मागे हा क्षय असतो आणि सासर तिला पांढऱ्या पायाची म्हणत राहते.

या पार्श्वभूमीवर बाटलीचा विचार करा. साबणासारखा, सुवास घातलेला द्रव रोज आत गेला तर तो विरजण धुऊन काढतो, अस्तर खरवडतो. ही माझी कल्पना नव्हे. नॉनॉक्सिनॉल-९ नावाचे एक द्रव्य वर्षानुवर्षे शुक्रजंतू मारायला वापरले जात होते. ते मूळचे साबणाच्याच जातीचे. प्रयोगशाळेत ते एचआयव्हीला मारते असे दिसल्यावर बायकांच्या हाती एक शस्त्र येईल अशी मोठी आशा निर्माण झाली. आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये शरीरविक्रय करणाऱ्या बायकांवर चाचणी झाली. २००० साली निष्कर्ष आला तो उलटा: जेल वारंवार वापरणाऱ्या बायकांना एचआयव्हीची लागण जास्त झाली होती. द्रव्याने अस्तरच झिजवले होते. आतून धुण्याची सवय असलेल्या बायकांत योनिमार्गातले जंतूंचे संतुलन बिघडण्याचे आणि ओटीपोटाच्या सुजेचे प्रमाण जास्त आढळते, हेही पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे.

बाटल्यांवर 'फक्त बाहेरून वापरा' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. पण तीन वर्षे मी जे केले ते कुठल्या बाटलीवर लिहिले होते? ज्या बाईला 'तू घाण आहेस' असे सांगितले आहे ती बाहेर थांबत नाही. २०१२ साली तर 'तिथली' कातडी उजळ करणाऱ्या द्रवाची जाहिरात आपल्याकडे टीव्हीवर आली होती. गोरेपणाचे खूळ चेहऱ्यावरून कुठवर उतरले ते पाहून आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही. बाहेरून साधे पाणी पुरते.

आणि इथे माझ्या एमआयडीसीतल्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. साधे पाणी म्हणायला सोपे! ते रात्री दोनला येते. कारखान्यात संडास आहे पण कडी नाही. कल्याणहून मुंबईला दीड तास लोकलमध्ये उभ्याने जाणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही आणि लघवी दाबून धरते. (लघवीची लागण वेगळी आणि योनिमार्गाची वेगळी, पण दोन्ही वाटा शेजारी आहेत आणि बाईला जळजळ एकच वाटते. तपासल्याशिवाय फरक कळत नाही.) तिला बाटली हवीशी वाटते ती पाण्याच्या बदली. तिला बाटली नको म्हणणाऱ्या मी पाण्यासाठी शेवटचा मोर्चा कधी काढला, हा तिचा न विचारलेला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मला शोभणारे नाही.

आता थोडे आपल्या चळवळीविषयी. १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांत स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार सापडला, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे आजार प्रजननमार्गाच्या लागणीचे होते. पूर्वी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के. बाई म्हणजे गर्भ धरणारी पिशवी, तिच्यासाठी सरकारने करायचे ते कुटुंबनियोजन, या समजुतीला त्या आकड्याने तडा दिला. त्या अभ्यासाचे ऋण आपण सगळ्या मानतोच.

पण आपण त्या आकड्याचे काय केले? प्रत्येक पत्रकात, प्रत्येक भाषणात '९२ टक्के' म्हणत गेलो, आणि म्हणता म्हणता पांढरे जाणे म्हणजे रोग असे समीकरण आपणच वस्तीत रुजवले. मी स्वतः ते भाषण कमीत कमी पन्नास वेळा केले असेल. त्या अभ्यासातला दुसरा आकडा आपण वाचला नाही: ५५ टक्के बायकांना तक्रार होती आणि ४५ टक्क्यांना काहीच तक्रार नव्हती. रोग ठरला होता तो प्रत्यक्ष तपासणीने, तक्रारीवरून नव्हे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला, तो २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा त्यांच्या लागणीशी संबंध अगदी थोडा सापडला. जास्त संबंध सापडला तो मनावरच्या ताणाशी, थकव्याशी, घरातल्या जाचाशी. म्हणजे 'अंगावरून जातं' हे कितीदा तरी बाईने आपले हाल सांगायला निवडलेले सभ्य वाक्य असते. 'नवरा मारतो' असे डॉक्टरला सांगता येत नाही. 'पांढरं जातं, कंबर दुखते, हातापायाला गोळे येतात' असे सांगता येते. माझ्या आईचे हाडे झिजण्याचे म्हणणे मला आता वेगळे ऐकू येते.

गडचिरोली आणि गोवा हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. तक्रार आहे तिला लागण असेलच असे नाही, आणि लागण आहे तिला तक्रार असेलच असे नाही. तेव्हा आत पाहिल्याशिवाय इलाज नाही.

आपल्या सरकारी यंत्रणेने यावर काढलेला मार्ग म्हणजे रंगीत पाकिटे. लक्षण ऐकायचे आणि पाकीट द्यायचे. योनिमार्गाच्या लागणीसाठी हिरवे, ओटीपोट दुखत असेल तर पिवळे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे हा मार्ग वाईट नाही, त्याने अनेकींना वेळेवर औषध मिळाले आहे, हे मान्य करते. पण नुसत्या तक्रारीवर दिलेले पाकीट निरोगी बाईला विनाकारण जंतुनाशके खायला घालते, आणि क्लॅमिडियाने आतून नळ्या चिकटत चाललेली, काहीही तक्रार नसलेली बाई त्या रांगेत येतच नाही. शिवाय या पद्धतीच्या नियमांतही आधी स्पेक्युलमने पाहा असे आहे. रांगेत शंभर बायका, एक टेबल, पडदा नाही, बाई डॉक्टर नाही, मग कोण पाहणार? बाई डॉक्टरांशिवाय बायका दुखणी अंगावर काढतात, हे जिचे बालपण कल्याणात गेले त्या आनंदीबाई जोशींनी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात मांडले होते, अमेरिकेला शिकायला जाण्याआधी. कल्याणात त्यांचा अभिमान पुष्कळ मिरवला जातो.

न पाहता उपचार करण्याचे दुसरे टोक म्हणजे पिशवी काढणे. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तिथल्या बायकांच्या तोंडून आलेली कहाणी आपल्या ओळखीची आहे: पांढरे जाते, पोट दुखते, डॉक्टर म्हणतात कॅन्सर होईल, काढून टाका. कॅन्सरची भीती खरी असेल तर ती तपासायला भारी यंत्र लागत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांसह केलेला अभ्यास २०१३ साली जाहीर झाला. गर्भाशयाच्या तोंडाला साधे पातळ व्हिनेगर लावून, पांढरा डाग उठतो का ते शिकवलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी पाहायचे. एवढ्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगर म्हणजे शिरक्याचाच भाऊ, पुन्हा आंबटच!

एक जुनी आठवण इथे सांगायला हवी. १९९३ च्या सुमारास गर्भनिरोधक 'लसी'विरुद्ध जगभरच्या स्त्रीगटांनी मोहीम काढली तेव्हा आम्हीही ठाण्यात पत्रके वाटली होती. दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार यांच्या संस्थेत, गर्भ रुजताना स्रवणाऱ्या संप्रेरकाविरुद्धच शरीराला लढायला लावणारी लस तयार होत होती. १४८ बायकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. 'आमच्या प्रतिकारशक्तीशी खेळू नका' ही आमची घोषणा. घोषणा बरोबर होती असे मला आजही वाटते. पण एका तरुण डॉक्टराने चौकात अडवून विचारले, "प्रतिकारशक्ती म्हणजे काय हो ताई?" तेव्हा आम्ही चौघी एकमेकींकडे पाहत राहिलो. तसेच २०१० साली आंध्र आणि गुजरातेत मुलींना एचपीव्हीची लस नीट संमती न घेता दिल्याबद्दल स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला आणि तो प्रकल्प थांबला. ते योग्यच झाले. पण आज पुण्यात बनलेली लस २०२२ पासून मान्य झालेली असताना वस्तीतली आई विचारते, "पोरीला देऊ का?" तेव्हा 'कंपन्यांवर विश्वास ठेवू नका' एवढे उत्तर पुरत नाही. तो विषाणू रक्तात न उतरता गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींत दडून बसतो, म्हणून शरीराला त्याची चाहूल उशिरा लागते. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकते, काहींचे नाही. लसीने तयार झालेली प्रतिपिंडे रक्तातून पाझरून त्या जागी आधीच हजर राहतात. हे समजून आई जे ठरवील त्याला संमती म्हणता येईल. माझे मत विचाराल तर मी माझ्या नातीला दिली.

मैत्रिणींनो, आरसा आणि टॉर्च घेऊन बसणे आपण केव्हा सोडले? हिंसाचाराच्या केसेस वाढल्या, बचतगट आले, प्रकल्प आले, अहवाल आले. शरीराचे शिबीर 'जुन्या काळातले' झाले. ती जागा रिकामी राहिली आणि तिथे गुलाबी झाकणाची बाटली आली.

आम्ही बाटल्या परत केल्या, तेव्हा त्या पाच जणींनी विचारले की मग बदली काय देणार. वर्गणी काढून दहा हातआरसे, दोन टॉर्च आणि आम्लता तपासायच्या कागदाची काही पाकिटे आणली. कागदाचा आकडा ४.५ च्या वर गेला तर तपासणीला जायचे. पाळीत किंवा संबंधानंतर लगेच पाहायचे नाही, कारण रक्ताने आणि वीर्याने आकडा वर जातो. बुरशीच्या लागणीत आकडा वाढत नाही, तिथे दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि खाज यांवरून ओळखायचे. मासळीसारखा वास, हिरवट फेसाळ स्राव, तापासह ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, यांतले काहीही असेल तर कागदाची वाट न पाहता डॉक्टरकडे. आपापल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारायचे प्रश्नही आम्ही ठरवले आहेत: आठवड्यातून एक दिवस बाई डॉक्टर बसेल का, पडदा लागेल का, स्रावाची काच सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी पाहिली जाईल का. कल्याण, डोंबिवली, ठाण्यातल्या गटांनी हे प्रश्न एकाच आठवड्यात विचारले तर बरे होईल. पाण्याचा अर्ज त्याच्या सोबत जाईल.

पहिल्या बैठकीला अकरा जणी आल्या. माझ्याशी न बोलणारी मैत्रीणही आली, मागे बसली, कागदाचे पाकीट घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात तिचा आकडा वर आला, ती तपासणीला गेली, औषध मिळाले, वास गेला. दोन महिन्यांनी त्रास परत सुरू झाला. ही लागण उलटते ते बऱ्याचदा नवऱ्याकडून परत येते म्हणून, असे आता दिसते आहे. इतकी वर्षे पुस्तके म्हणत होती की या प्रकारात पुरुषाला औषधाची गरज नाही. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दोघांनाही औषध दिले तेव्हा बारा आठवड्यांत ३५ टक्के बायकांचा त्रास उलटला, फक्त बाईला दिले तेव्हा ६३ टक्क्यांचा. पुरुषाला सात दिवस गोळ्या आणि लावायचे मलम, एवढेच. मी हे तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वास माझा येतो म्हणून तोंड फिरवणाऱ्याला मी मलम कसं देऊ?" आम्ही अकरा जणींनी त्यावर पाऊण तास चर्चा केली. बैठक पुन्हा दुसऱ्या शनिवारी आहे, तोवर कोणाला काही सुचले तर कळवा.